खोकल्याचा खोकला गेला तेव्हा

चुळबुळ्या हे नाव त्याला त्याच्या ताईने ठेवलं, तेही तो चालायला लागायच्या आधी. एका जागी पडून राहणं त्याला ठाऊकच नव्हतं. शाळेत बाकाचा एक पाय त्याच्यामुळे कायम डुगडुगायचा. लग्नातल्या घरच्यांच्या फोटोत सगळे स्पष्ट आले आहेत, फक्त नवरामुलगा पुसट. चाळिशी उलटली, केस विरळ झाले, चष्मा लागला, तरी पठ्ठ्याच्या पायांना विसावा नाही.

अशा माणसाला लिफ्टदुरुस्तीचं काम मिळालं, हे बरंच झालं म्हणायचं. दिवसभर वर-खाली करायचं, अडकलेलं हलतं करायचं आणि हललं की पुढच्या इमारतीकडे पळायचं. त्याचा हात चांगला होता. फक्त काम झाल्यावर मालक काही बोलायला लागला की याचं अर्धं लक्ष जिन्याकडे. मालक दोन वाक्यं बोलला की हा दुसऱ्या वाक्याला उत्तर द्यायचा. पहिलं कधी आत शिरायचंच नाही.

घरचेही याला सरावले होते. त्याची बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असायची. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून तिचा घसा बसलेला असायचा, त्यामुळे घरी ती मोजकंच बोलायची. नवऱ्याला काही सांगायचं असेल तर आधी दोनदा "अहो, अहो" म्हणायची आणि मग मुद्द्यावर यायची. ते दोन "अहो" वाया घालवायचेच असतात, असं तिने ताईला लग्नाच्या पहिल्या वर्षीच शिकवून ठेवलं होतं. ताईला ते जमत नसे. ती म्हणायची, "मी आयुष्यभर मुलांना भाषा शिकवली. वाक्याच्या आधी रिकामे शब्द टाकायचे, हे माझ्याच्याने होणार नाही."

ताई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिची दृष्टी एकदम गेली नाही. आधी फळा गेला, मग वह्या, मग मुलांचे चेहरे. नोकरी सुटली, तशी ती भावाकडे राहायला आली. नणंद-भावजयीचं चांगलं जमलं, इतकं की चुळबुळ्याला नावं ठेवायची झाली तर दोघींचं एकमत व्हायला वेळ लागत नसे. पण ताईच्या मनाला स्वस्थता नव्हती. "मला या घरात कोणी ओझं म्हणत नाही," ती एकदा भावजयीला म्हणाली, "आणि म्हणूनच मला ते जास्त वाटतं." तिला काम हवं होतं, आपल्या पायांनी जाऊन करायचं काम. बाकी कशाचीच तिला भूक नव्हती.

आता चुळबुळ्याच्या छंदाबद्दल सांगायला हवं, कारण सगळी भानगड तिथेच झाली. त्याच्याकडे एक जुन्या जातीचा कॉम्प्युटर होता. ज्या कंपनीने तो काढला ती केव्हाच बुडाली, पण जगभर विखुरलेल्या मूठभर हौशी लोकांनी त्याचा जीव जाऊ दिला नव्हता. त्याच्या प्रोग्रामचे भाग त्यांनी वाटून घेतले होते. कोणी पडद्याचा भाग सांभाळायचं, कोणी छपाईचा. आवाजाचा भाग कोणालाच नको होता, म्हणून तो चुळबुळ्याच्या गळ्यात पडला. याने तो आनंदाने गळ्यात घालून घेतला. तसलाच एक कॉम्प्युटर त्याने ताईच्या खोलीत बसवला आणि त्याला पडद्यावरची अक्षरं मोठ्याने वाचायला लावलं, तेही आपल्या भाषेत. ताई बाणाचं बटण दाबायची, की तो पुढचा शब्द किंवा पुढची ओळ म्हणायचा. फोनच्या गुळगुळीत काचेवर तिची बोटं भांबावायची, पण या जुन्या बटणांवर ती पेटीवर बसावीत तशी बसली.

एक मोठी खोट होती. तो बोलायच्या आधी खोकायचा. प्रत्येक वाक्यापूर्वी खर्रकन आवाज, मग बोलणं. शिवाय एका वेळी एकच काम. गाणं लावलेलं असलं तर बोलणं बंद, बोलणं चालू असलं तर गाणं बंद. ताईने त्याचं नाव खोकल्या ठेवलं. "खोकल्याला विचार, आज काय वार आहे." खोकल्या खोकायचा आणि सांगायचा.

चुळबुळ्याला तो खोकला सहन होईना. ज्या म्हाताऱ्याने आवाजाचा तो भाग कधीकाळी लिहिला होता, त्याने जागोजागी ठिगळं लावून ठेवली होती. चुळबुळ्याने ठरवलं, ठिगळावर ठिगळ नको, सगळा आवाजच नव्याने बांधायचा. मग काय, जेवताना एक हात ताटात आणि एक कीबोर्डवर. लिफ्टच्या खड्ड्यात उतरला तरी डोक्यात तेच. बायको म्हणायची, "अहो, अहो, मीठ द्या," तर हा पाण्याचा तांब्या पुढे करायचा.

जुन्या कामात त्याला एक गंमत सापडली. काहीही वाजत नसताना तो म्हाताऱ्याचा भाग स्पीकरकडे अखंड शांतता पाठवत बसायचा. म्हणजे शून्य, शून्य, शून्य. का, ते कुठे लिहिलं नव्हतं. चुळबुळ्या हसला. ज्यात काही नाही ते पाठवायचं कशाला? त्याने ते कलम उडवलं. आता काही वाजत नसेल तेव्हा आवाजाची चिप झोपून जाणार आणि गरज पडली की जागी होणार. वीज वाचेल, काम सुटसुटीत होईल. ही युक्ती आपली आपणच काढली याचा त्याला इतका अभिमान वाटला की त्याने बायकोला उठवून सांगितलं. ती "हं" म्हणाली आणि कूस बदलली.

नवा आवाज तयार झाला. खोकला गेला. गाणं आणि बोलणं एकत्र चालू लागलं. जगभरच्या हौशी लोकांनी पाठ थोपटली. त्यांतल्या एकाने मात्र लिहिलं, की माझा इशाऱ्याचा छोटा बीप आता वाजतच नाही. चुळबुळ्याने आपल्या मशीनवर तपासलं. बीप ठणठणीत वाजला. "माझ्याकडे वाजतो," असं त्याने कळवलं आणि विषय संपवला. त्याच्याकडे वाजणारच होता. मोजमापासाठी त्याने आपल्या मशीनवर एक बारीक टिकटिक कायम चालू ठेवली होती, कान लावला तरच ऐकू येईल अशी. त्या टिकटिकीने त्याची चिप कधी झोपलीच नाही. स्वतःच्या घरात दिवा कायम जळत ठेवायचा आणि म्हणायचं, अंधार कुठे आहे? पण हे त्याला तेव्हा कळलं नाही.

ताईच्या मशीनवर त्याने नवा आवाज चढवला आणि लगेच टेबलाखाली वायरी बांधायला शिरला. ताईने बटणं दाबून पाहिली. खोकल्या झोपेतून उठायचा आणि पहिलं अक्षर गिळून बोलायचा. 'नमस्कार'चं झालं 'मस्कार', 'मंगळवार'चं 'गळवार'. सलग वाचायला लावलं की पहिला घास तेवढा जायचा, पुढचं ठीक. एकेक शब्द ऐकायला गेलं की प्रत्येकाचं डोकं उडालेलं.

ताई म्हणाली, "शब्दांची सुरुवात खातोय हा, बघ जरा. बाकी आवाज मात्र छान स्वच्छ झालाय."

टेबलाखालून चुळबुळ्या म्हणाला, "झालाय ना? मी म्हणालोच होतो."

ताईने पुन्हा सांगितलं नाही. भावाने इतके महिने जीव टाकून केलेलं काम, त्याचा आनंद पहिल्याच दिवशी कशाला मोडा, असं तिला वाटलं. शिवाय त्याने ऐकलंय आणि तो बघेल, असाही तिचा समज झाला. 'गळवार' म्हटलं की मंगळवार समजायला काही अक्कल लागत नाही. ती त्यालाही सरावली. या घरात सरावणं हे काही तिला नवीन नव्हतं.

मग दवाखान्याची जाहिरात आली. तिथे नातेवाइकांचे फोन घ्यायला माणूस हवा होता. कोणता विभाग कुठे आहे, भेटायची वेळ काय, पेशंट खोलीत आणला का, अशा घाबऱ्या माणसांच्या प्रश्नांना शांतपणे उत्तरं द्यायची. कान आणि जीभ, एवढीच हत्यारं. ताईने ते ऐकलं आणि तिचा चेहराच बदलला. अर्ज चुळबुळ्याने भरून दिला. डोळ्यांच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र त्याने स्कॅन केलं, बाकीचे कागद जोडले आणि पुढे एका इमारतीत लिफ्ट अडकल्याचा फोन आला म्हणून पाठवून देऊन पळाला. तोंडी परीक्षा झाली. ताई तिथून आली ती कॉलर ताठ करूनच. परीक्षा घेणाऱ्या बाईंनी तिला रागावलेल्या नातेवाइकाचं सोंग करून छळलं होतं आणि शेवटी हसून पाणी दिलं होतं.

निकाल कॉम्प्युटरवर लागणार होता. लागला त्या दिवशी घरात ताई एकटीच होती. तिने आपला अर्ज शोधला, तक्त्यात एकेक रकान्यावर बाण दाबत गेली. खोकल्या म्हणाला, "काल." म्हणजे निकाल. तिने पुढचा बाण दाबला.

"पात्र," खोकल्या म्हणाला.

ताई उठलीच. पुढच्या रकान्यात काय आहे ते ऐकायला ती थांबली नाही. भिंतीला हात लावत दारापर्यंत गेली, शेजारच्या बाईंना हाक मारली, भावजयीच्या दुकानात फोन केला, भावाला फोन केला. पात्र उमेदवारांनी पुढच्या सोमवारी हजर व्हावं, असं जाहिरातीतच होतं. त्या दिवसापासून रोज भावजय तिला दवाखान्याच्या रस्त्याने नेऊ लागली. काठीने फूटपाथची कडा, बसचा थांबा, फाटकाजवळचा उतार, सगळं ताईने पाठ केलं. नवीन चपला घेतल्या. त्या घरातही घालून फिरून पायांना बसवल्या. भावजय म्हणाली, "ताई, आता तुम्हीसुद्धा चुळबुळ करायला लागलात." ताई मनापासून हसली.

रविवारी दुपारी दोघी रस्त्याची शेवटची उजळणी करायला गेल्या. चुळबुळ्या घरी होता. नोकरीला लागणाऱ्या बहिणीला काहीतरी भेट द्यावी म्हणून तो तिच्या मशीनपाशी बसला, खोकल्याचा बोलण्याचा वेग थोडा सुधारून द्यावा म्हणून. पडद्यावर तो निकालाचा तक्ता अजून उघडाच होता. ताईने तो बंद केला नव्हता. चुळबुळ्याने सहज बाण दाबला.

"काल," खोकल्या म्हणाला. पडद्यावर होतं: निकाल.

चुळबुळ्याच्या कपाळाला आठी पडली. हे काय? त्याने पुढचा बाण दाबला.

"पात्र."

पडद्यावर होतं: अपात्र.

त्याने मागे जाऊन पुन्हा दाबला. कान म्हणत होते पात्र, डोळे म्हणत होते अपात्र. उडवलेलं कलम, झोपणारी चिप, 'माझ्याकडे वाजतो', सगळं एकदम लख्ख दिसलं. पुढच्या रकान्यात कारण होतं. ते त्याने ऐकायच्या फंदात न पडता वाचलं: अपूर्ण कागदपत्रे. प्रमाणपत्राची मागील बाजू जोडलेली नाही. पूर्ततेची मुदत शुक्रवारपर्यंत.

मागील बाजू. प्रमाणपत्राला मागची बाजू होती, आणि त्याने ते उलटवून पाहिलं नव्हतं. शुक्रवार तर निघून गेला होता.

चुळबुळ्या उठला, दारापर्यंत गेला, परत आला. खिडकीशी गेला. पाणी प्यायला म्हणून गेला आणि पेला भरून तसाच ठेवून आला. आता काय करायचं? ताईला फोन करायचा? रस्त्यात? दवाखान्यात जायचं? रविवारी तिथे कोण भेटणार? त्याला रडू आलं, आणि रडायलाही तो एका जागी थांबू शकला नाही. शेवटी जे येत होतं ते तो करायला लागला. मशीनपाशी बसला आणि म्हाताऱ्याचं ते कलम परत घातलं. काही वाजत नसताना शांतता वाजवत राहायची. शून्य, शून्य, शून्य. त्या म्हाताऱ्याला जन्मात पाहिलं नव्हतं, तरी चुळबुळ्याने मनातल्या मनात त्याचे पाय धरले.

त्याने बाण दाबला. "निकाल," खोकल्या म्हणाला, अक्षर न् अक्षर. पुढचा बाण मात्र त्याने दाबला नाही.

आणि मग त्याच्या मनात एक विचार आला, ज्याची त्याला पुढे फार लाज वाटली. तक्ता असाच उघडा ठेवायचा. ताई येईल, सवयीने बटण दाबेल, आणि खोकल्याच सांगेल. आपण तोवर बाहेर जाऊ. कुठेतरी लिफ्ट अडकलीच असेल.

तो चपला शोधत होता तेवढ्यात दोघी आल्या. ताईच्या गालांवर चालून आल्याची लाली होती. "फाटकातून आत जाऊन आले," ती म्हणाली, "वॉचमनने विचारलं, कोणाकडे? मी म्हटलं, उद्यापासून इथेच." बोलत बोलत ती आपल्या खुर्चीत बसली, काठी कोपऱ्यात टेकवली, आणि तिचा हात आपसूक बटणांकडे गेला.

"ताई, थांब," चुळबुळ्या म्हणाला. "दाबू नकोस."

तिचा हात तसाच राहिला. भावजय दारात थबकली. नवऱ्याच्या आवाजात काहीतरी होतं, आणि पहिल्यांदाच त्याने कोणाला थांब म्हटलं होतं.

"तो अपात्र म्हणतोय," चुळबुळ्या म्हणाला. "पात्र नाही. अपात्र. 'अ' त्याने खाल्ला, आणि तो माझ्यामुळे खाल्ला. कागदाची मागची बाजू मी पाठवली नव्हती. शुक्रवारपर्यंत मुदत होती. नीट ऐकू आलं असतं तर वेळेत देता आली असती."

ताईने शांतपणे बटण दाबलं.

"अपात्र," खोकल्या म्हणाला.

"हां," ताई म्हणाली. "आता 'अ' चांगला ऐकू येतो."

चुळबुळ्या बोलत सुटला. मी उद्या सकाळी सगळ्यात आधी जातो, मोठ्या डॉक्टरांना भेटतो, आमच्या कंपनीनेच तिथली लिफ्ट बसवली आहे, ओळख निघेल, मी लिहून देतो की चूक माझी, मी आत्ताच जाऊन बघतो, कोणीतरी असेल. बोलताना तो दारापर्यंत गेला, परत आला, कोपऱ्यातल्या काठीवर पाय पडून ती खाली आपटली.

"खाली बस," ताई म्हणाली.

"बसतो, पण आधी मी..."

"बस म्हणते ना. शाळेतल्यासारखा."

तो बसला. जमिनीवरच, तिच्या खुर्चीजवळ.

"नवा आवाज बसवलास त्या दिवशी मी तुला काय म्हणाले होते?" तिने विचारलं.

"आवाज छान स्वच्छ झालाय."

"त्याच्या आधी?"

चुळबुळ्याने आठवून पाहिलं. टेबलाखालचा अंधार आठवला, वायरी आठवल्या. आधीचं काहीच नव्हतं.

"शब्दांची सुरुवात खातोय, असं म्हणाले होते. ती सुरुवात तू खाल्लीस." ताई हे रागाने बोलली नाही, पण हळूही बोलली नाही. "घरात आपण नकार शेवटी देतो. येणार नाही, जमणार नाही. तू उशिरा जागा झालास तरी तुझं भागतं, कारण नाही शेवटी असतं. ऑफिसच्या भाषेत ते पहिल्याच अक्षरात उरकतात. अमान्य, अपूर्ण, अपात्र. तिथे उशिरा जाग येऊन चालत नाही. हे मला कळायला हवं होतं, मी भाषेची बाई. 'गळवार' ऐकून मी मंगळवार लावत होते आणि 'पात्र' ऐकलं तेव्हा मागे काही लावलं नाही. कारण मला तेच ऐकायचं होतं."

तिचा आवाज शेवटी चिरकला. भावजय पुढे येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. चुळबुळ्या गुडघे मिठीत घेऊन बसला होता. त्याचे पाय हलत नव्हते, आणि ते हलत नाहीत हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

"उद्या मी जाणारच आहे," ताई म्हणाली. "रस्ता पाठ झालाय, तो काही फुकट जाऊ द्यायचा नाही. दोन्ही बाजूंचा कागद घेऊन जाईन. ज्या बाईंनी मला पाणी दिलं त्यांना भेटेन. घेतील तर घेतील. नाही घेतलं तर पुढच्या जाहिरातीची वाट बघेन."

"मी येतो बरोबर," चुळबुळ्या म्हणाला.

"ये. पण बोलणार मी. तू गप्प बसायचंस, आणि ते काय म्हणतात ते पहिल्या शब्दापासून ऐकायचंस. येताना मी तुला विचारणार आहे."

"विचार," तो म्हणाला.

"आणि आणखी एक. नीट ऐक, एकदाच सांगणार आहे." ताईने चाचपून पाहिलं, त्याचं डोकं हाताला लागलं, विरळ केसांवर तिने हात ठेवला. शेजारी उभ्या भावजयीने ओठांवर आलेले दोन "अहो" गिळले.

"तुझ्यावर मी रागावले नाही, असं मी म्हणणार नाही," ताई म्हणाली.

चुळबुळ्याने ते वाक्य सबंध ऐकलं, आणि मान हलवली.